वसमतच्या डांबरावर जुनी माउंटन सायकल

वसमतहून बाहेर पडणारा कुठलाही रस्ता धरा, नांदेडचा, परभणीचा किंवा औंढा नागनाथाचा, त्याच्या पोटात काळी माती आहे. दख्खनचा बेसाल्ट झिजून झालेली ही चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडत आकसते. वर अंथरलेलं डांबर तिच्याबरोबर दरसाल वर-खाली होतं. म्हणून आमच्याकडे नवा रस्ताही थोड्याच पावसाळ्यांत उंचसखल होतो आणि कडेला, रस्त्याच्या दिशेनंच धावणाऱ्या लांब चिरा पडतात. मोटारीला त्या जाणवत नाहीत. सायकलचं पातळ चाक मात्र अशा चिरेत शिरलं की हँडल वळतच नाही आणि माणूस आडवा होतो.

सायकलबद्दल लिहिताना मातीपासून सुरुवात केली, कारण माझं सगळं म्हणणं या मातीवरच उभं आहे. मराठवाड्यातल्या घराघरांत जिन्याखाली, गोठ्यात, माळ्यावर एखादी जुनी माउंटन सायकल धूळ खात पडलेली असते. आपण तिला एमटीबी म्हणतो. तिला डांबरी रस्त्यासाठी नीट तयार केलं, तर ती इथे पातळ टायरच्या महागड्या रेसिंग सायकलपेक्षा जास्त उपयोगी पडते. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. मी वसमतजवळच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि शाळेला जाते ती अशाच सायकलवर. थोरल्या भावाची हर्क्युलिस होती, अठरा गिअरची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि सायकल मागच्या खोलीत राहिली.

ही सायकल मुळात जन्मली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही तरुण भंगारातून जुन्या श्विन सायकली शोधायचे. 1930-40 च्या दशकांतल्या, फुगीर टायरच्या, जड सांगाड्याच्या. त्या घेऊन ते माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या मातीच्या उतारांवरून खाली सुटायचे. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली शर्यत झाली. तिचं नाव 'रिपॅक', कारण उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझनं पुढे खास या कामासाठी सांगाडे बांधले. गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही नावंही तिथलीच. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडली आणि जगभर माउंटन सायकल पसरली. म्हणजे तिची सुरुवातच जुन्या सायकलला नव्या कामाला लावण्यातून झाली. आपल्याकडे हिरोची रेंजर, टीआय सायकल्स कंपनीची हर्क्युलिस एमटीबी अशा गाड्या 1990 च्या दशकात तालुक्याच्या गावांपर्यंत आल्या. मोठ्या काळ्या सायकलीशेजारी त्या फार रुबाबदार दिसायच्या. पण वसमतला डोंगर कुठला? ती जाडजूड, खाचांची टायरं डांबरावरच झिजली.

आता मुख्य काम. जुन्या एमटीबीला रस्त्याची करायची, तर निम्म्याहून जास्त फरक एकट्या टायरनं पडतो. डांबरावर खाचांच्या टायरचा जो घुमणारा आवाज येतो ना, तो आपल्याच पायांच्या ताकदीतून निघतो. रबराचा प्रत्येक गठ्ठा जमिनीला लागला की वाकतो आणि सुटला की सरळ होतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. गुळगुळीत टायर घातलं की हे नुकसान खूप कमी होतं. लोकांना भीती वाटते की गुळगुळीत टायर घसरेल. ओल्या डांबरावर मोटारीचं रुंद चाक वेगात पाण्यावर तरंगू शकतं. सायकलचं चाक अरुंद, हवेचा दाब जास्त, वेग कमी, त्यामुळे ते तरंगत नाही. उलट डांबराला जास्त रबर टेकल्यानं पकड चांगलीच मिळते. काळ्या चिखलात मात्र दोन्ही टायरं सारखीच निरुपयोगी, तिथे सायकल खांद्यावर.

टायर आणायला जाल तेव्हा एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. एमटीबीचं चाक 'सव्वीस'चं. पण बाजारात सव्वीस इंचाची टायरं एका मापाची नसतात. आमचे सायकलवाले मामू दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाले होते, "मॅडम, सव्वीस बोले तो तीन किसम का आता. पुराना टायर लाके दिखाव, तब देता मैं." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. एमटीबीच्या टायरवर रुंदी दशांशात छापलेली असते, 26×1.95 किंवा 26×2.125. त्याच रिमला 26×1.5 बसतं. पण 26×1½ असं अपूर्णांकात लिहिलेलं टायर बसत नाही! माझ्या वर्गात फळ्यावर 1.5 आणि 1½ यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह असतं. टायरच्या जगात ती दोन वेगळी चाकं आहेत, कारण दोन्ही मापं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारखान्यांतून आली. त्यावर उपाय म्हणून टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ 40-559. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर जिथे बसतं तिथला व्यास. दशांशवाल्या एमटीबीचा व्यास 559. अपूर्णांकवाल्या 26×1½ चा 584. आणि बऱ्याच लेडीज सायकलींना असतं त्या 26×1⅜ चा 590. 559 च्या रिमवर 590 चं टायर घातलं तर ते तीन सेंटिमीटर ढिलं पडेल. तेव्हा दुकानात 'सव्वीस' म्हणू नका, 559 म्हणा. अलीकडच्या एमटीबी 27.5 आणि 29 इंचाच्या येतात, त्यांचे आकडे 584 आणि 622. तुमच्या टायरवर जो आकडा असेल तोच मागा.

रुंदी किती घ्यावी? मी 1.5 इंच, म्हणजे साधारण 38 मिलिमीटर वापरते. अगदी 1.75 घेतलं तरी चालेल. त्याहून फार पातळ नको. पुष्कळ वर्षं असा समज होता की टायर जितकं पातळ आणि दगडासारखं टणक, तितकी सायकल पळते. टूर द फ्रान्समधले खेळाडूही दीर्घकाळ 23 मिलिमीटरची टायरं वापरत होते. आता तेच 28 आणि त्याहून रुंद टायरांवर धावतात. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याला सायकलसकट माणसाला वर उचलतं, आणि ती उचलण्याची मेहनत परत मिळत नाही. रुंद टायर तो खडा आपल्या पोटात घेतं. युरोपच्या गुळगुळीत रस्त्यांवर हे खरं ठरलं, तर वसमत-औंढा रस्त्यावर किती खरं असेल!

हवेबद्दलही सांगते. आपल्याकडच्या साध्या सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, आतून रबरी नळी लावलेला, त्यातून हवा भरता येते पण दाब मोजता येत नाही. अंगठ्यानं दाबून अंदाज घ्यायचा. एमटीबीच्या रिमचं भोक मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हला पुरेल एवढं असतं. नवी ट्यूब घेताना तशाच व्हॉल्व्हची मागा. मग कुठल्याही मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे मीटरवर हवा बघता येते. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला दीड इंचाच्या टायरमध्ये पुढे 45 आणि मागे 55 पौंड हवा पुरते. टायरच्या बाजूवर छापलेला वरचा आकडा ही मर्यादा समजा, तिथपर्यंत भरायलाच हवी असं नाही. कॉम्प्रेसरनं भरताना थोडी थोडी भरा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी कमी असते की दोन सेकंदांत ती फुटू शकते.

आणि काटे. रस्त्याच्या कडेला सराटा असतोच, वेड्या बाभळीचे काटे असतातच. सराट्याच्या फळाची रचनाच अशी की तो कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर राहतो. मामूंनी जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये अस्तर म्हणून घातली. त्यानं वजन थोडं वाढतं, चाक किंचित जड चालतं. मला ते मंजूर आहे. दोन्हीकडे नुसती शेतं असताना सकाळी शाळेच्या वेळेला पंक्चर काढत बसायची माझी तयारी नाही.

दुसरं काम छर्ऱ्यांचं. पडून राहिलेल्या सायकलमधलं ग्रीस वाळून गोंदासारखं झालेलं असतं. पुढचं चाक, मागचं चाक, बॉटम (पायडलची दांडी जिथे फिरते तो भाग) आणि हँडलचा कप, सगळं उघडून रॉकेल किंवा डिझेलनं धुवायचं, छर्रे नवे टाकायचे, ताजं ग्रीस भरायचं. छर्ऱ्यांची मापं आमच्याकडे अजून सुतात चालतात. पुढच्या चाकाला बहुधा दीड सूत, मागच्याला आणि बॉटमला दोन सूत. जुने आणि नवे छर्रे मिसळायचे नाहीत, नाहीतर सगळा भार जो किंचित मोठा त्याच्यावर येतो. घरी खोलणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा : डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. आपल्या बहुतेक सायकलींच्या बॉटमचा उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. उलट्या बाजूनं जोर लावला की आटे कायमचे जातात. चाकाचा कोन, म्हणजे छर्ऱ्यांवर बसणारा निमुळता नट, आवळताना मामूंची पद्धत बघण्यासारखी. चाक हवेत फिरवतात, आणि व्हॉल्व्हच्या वजनानं ते मागे-पुढे झुलत झुलत, व्हॉल्व्ह खाली येऊन थांबलं, तरच 'जमलं' म्हणतात. झुललं नाही तर कोन जास्त आवळलेला. रिम बाजूला धरून हलवल्यावर खटखट झाली तर ढिला. मग तारा एकेक छेडून आवाज ऐकतात आणि रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढतात. एवढं कौशल्य तालुक्याच्या गावात, एका पायरीवर, साध्या पान्यांच्या डब्याजवळ बसलेलं आहे. ते वापरलं गेलं पाहिजे, त्याला रास्त पैसे मिळाले पाहिजेत. मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानांइतकीच ही विद्या आहे असं मी मानते.

गिअरच्या बाबतीत खर्च करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. माझ्या सायकलला पुढच्या मोठ्या चकतीला 42 दात आणि मागच्या फ्रीव्हीलच्या सर्वांत लहान चकतीला 14. म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक तीनदा फिरतं. दीड इंचाचं टायर घातल्यावर चाकाचा परीघ जवळजवळ दोन मीटर होतो, तेव्हा एका फेऱ्यात सहा मीटर. मिनिटाला ऐंशी फेरे मारले तर 480 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 29 किलोमीटर. वसमत-नांदेड रस्त्यावर याहून वेगानं जायची मला गरज नाही. म्हणून पुढच्या चकत्या बदलायचा सल्ला पुष्कळांनी दिला तरी मी त्या ठेवल्या. सगळ्यात हलका जोड 24 आणि 28 चा, त्यात एका फेऱ्याला पावणेदोन मीटरही होत नाहीत. औंढ्याकडे जमीन चढत जाते आणि टेकड्या सुरू होतात, समोरून वारा असतो, तेव्हा मधले जोड कामाला येतात. एमटीबी बिनगिअरची असेल तर मागचं 18 दातांचं फ्रीव्हील काढून 16 चं घाला. सपाटीवर फरक लगेच कळतो.

चेन मोजायला शाळेची फूटपट्टी पुरते. नव्या चेनचे एका पिनेपासून मोजलेले चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरतात. एक अष्टमांश इंच जास्त भरले तर चेन गेली, आणि बहुतेक वेळा फ्रीव्हीलही तिच्याबरोबर बदलावं लागतं. ब्रेकचे रबर वाळून कडक झालेले असतात, वायरी गंजलेल्या. हे सगळं स्वस्त सामान आहे, नवंच घाला.

पुढच्या चिमट्यात स्प्रिंगचे शॉकअप असतील तर विचार करावा लागतो. स्वस्त शॉकअप जड असतात, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. साधा लोखंडी चिमटा बसवता येतो. पण त्याची मधली दांडी सांगाड्याच्या नळीच्या मापाची हवी आणि उंचीही जवळपास तेवढीच हवी. आखूड चिमटा घातला की सायकलचं नाक खाली जातं, हँडल अति चंचल होतं आणि वळणावर पायडल जमिनीला टेकू शकतं. योग्य मापाचा मिळाला नाही, तर शॉकअप आहे तसाच राहू द्या. भावाच्या सायकलला साधा चिमटाच होता, ही माझी चांगली सोय झाली.

वेग वाढवायच्या हौसेनं काही मुलं रेसिंग सायकलचं वाकडं हँडल बसवायला निघतात. मी नको म्हणते. एमटीबीचा सांगाडा आधीच लांब असतो, त्यावर वाकडं हँडल घातलं की हात आणखी पुढे जातात आणि कंबर-मान दुखते. शिवाय एमटीबीचे व्ही ब्रेक वायर जास्त ओढणाऱ्या लिव्हरसाठी बनवलेले असतात, रेसिंगच्या लिव्हर वायर कमी ओढतात, त्यामुळे ब्रेक धड लागत नाही. सरळ हँडलच राहू द्या, ते थोडं खाली घ्या. हवेचा विरोध खरोखर मोठा असतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो, आणि ताशी वीसच्या पुढे आपली निम्म्याहून जास्त मेहनत हवा कापण्यातच जाते. पण त्यावर कोपर थोडे वाकवणं आणि वाऱ्यात फडफडणारी ओढणी नीट बांधणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. ओढणी मागच्या चाकात जाण्याचा धोकाही त्यानं टळतो.

सीटची उंची हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकं सीट खाली ठेवतात, आणि मग गुडघे दुखतात. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. सुरुवातीला उंच वाटतं. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लागली की भीती जाते. एमटीबीची वरची नळी उतरती असते, त्यामुळे सलवार-कमीजमध्येही चढता-उतरता येतं. शाळेतल्या मुलींना हे मी मुद्दाम दाखवते.

ऊस तोडणीच्या हंगामात कारखान्याकडे जाणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता व्यापून चालतात, आणि मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवा नसतो. खाली पडून चेंगरलेला ऊस डांबरावर निसरडा होतो. हळद काढणीला शेतांतून माती घेऊन येणारी वाहनं वळणावर ढेकळं टाकून जातात. अशा रस्त्यावर मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, तारांना चमकणारे रिफ्लेक्टर आणि उजव्या बाजूचा आरसा यांना मी टायरच्या खालोखाल महत्त्व देते. मडगार्ड आणि मागे कॅरेज हवंच. एमटीबीला जाड टायरसाठी सोडलेली जागा असते, त्यामुळे टायर बारीक केल्यावर मडगार्ड आरामात बसतं आणि त्यात काळा चिखलही कमी अडकतो.

मोठ्या सायकलपटूंच्या गोष्टी मी वर्गात सांगते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये जोडीनं 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आरपार ओलांडणारी शर्यत पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये ती एकट्यानं पार केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये सायकलवर जगाची फेरी मारली. हे ऐकलं की मुलं विचारतात, "मॅडम, तशी सायकल केवढ्याला पडते?" मी त्यांना ब्रेव्हेचं गणित घालते. ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची, बिनस्पर्धेची सायकलफेरी. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था अशा फेऱ्या भरवते. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस तास, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. दोनशेला सरासरी काढली तर थांबे धरून ताशी पंधराहून कमी येते. सायकल अमुकच जातीची हवी, अशी अट नाही. माणसाच्या पायांवर चालली म्हणजे झालं. तेव्हा गुळगुळीत टायरची, ग्रीस भरलेली, सीट बरोबर असलेली एमटीबी त्या रांगेत उभी राहू शकते. पैसे साठवायचे असतील तर साठवा, पण पाय तयार करायला आजच सुरुवात करा, असं मी त्यांना सांगते.

आता मुलं घरच्या जुन्या सायकली ढकलत शाळेत आणतात, आणि मधल्या सुट्टीत आम्ही आधी सांगाडा तपासतो. चिंधीनं पुसून, उजेडात, जोड बघायचे : बॉटमजवळचे, हँडलच्या नळीखालचे, मागच्या चाकाची दांडी अडकते तिथले. रंगाला केसाएवढी रेघ दिसली आणि नखाला लागली, तर ती भेग असू शकते. सीटची नळी गंजून आत अडकली असेल तर बाजूनं तेल सोडून रात्रभर ठेवायचं, हातोडी घालायची नाही. पुढेमागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या स्वस्त सायकली मी परत पाठवते, त्यांचा मधला सांधा एकदा ढिला झाला की नीट होत नाही. सांगाडा चांगला निघाला तर पैशांचा क्रम ठरलेला : टायर-ट्यूब, छर्रे-ग्रीस, वायरी आणि ब्रेकचे रबर, दिवे. रंग सगळ्यात शेवटी. आणि सांगाड्यालाच भेग असली, तर त्या सायकलवर एक रुपयाही घालायचा नाही. चाकं, चेनव्हील, हँडल काढून मामूंकडे ठेवायचं. 559 ची धड रिम असेल, तर ती पुढच्या मुलाच्या सायकलला बसते.